आत्याच्या कानाची वेस

जुन्या जालन्यात शेठजींचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानावरच त्यांचं घर. त्यांच्या नातीला पेटी शिकवायला मी संध्याकाळची जायचे. नातीला पेटीचा मनापासून कंटाळा होता आणि मला नातीचा. पण शेठजींच्या घरचा चहा फार चांगला असायचा, त्यामुळे शिकवणी टिकून होती. मी मूळची हसनाबादची, शेतकऱ्याच्या घरची. जालन्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकत होते. ही गोष्ट नव्वदच्या आगेमागेची.

एक दिवस शेठजींनी मला जिन्याच्या तोंडाशीच अडवलं.

"मास्टरीणबाई, आज पेटीला सुट्टी. दुकानात चला. बंबईहून चीज आली हाय."

शेठजींचं घराणं राजस्थानातून इकडे आलं त्याला किती पिढ्या झाल्या, हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. बोलायचे आमच्यासारखंच, फक्त उत्साहात आले की त्यात हिंदी मिसळायची, आणि ते कायम उत्साहातच असायचे. दुकानाच्या पांढऱ्या गादीवर, भिंतीला लागून काहीतरी लांबट ठेवलं होतं. त्यावरचं व्हॉइलचं कापड त्यांनी दोन बोटांनी बाजूला केलं. सिंथेसायझर! मुंबईत त्यांच्या साडूंचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. तिथे नवं मॉडेल आलं म्हणून जुनं जालन्याला आलं. सोबत एक भलामोठा लाकडी स्पीकरचा खोका होता. शेठजींच्या डोक्यात नवरात्रातला दांडिया होता. मशीन चालवायची कशी हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, माहितीचं पुस्तकही आलेलं नव्हतं.

मी वाकून पाहिलं आणि ओरडलेच. काळ्या पत्र्याच्या एका कडेला लहान लहान चौकोन छापलेले होते आणि प्रत्येकात एक लाट काढलेली. एकीला करवतीचे दाते, एक पायऱ्यांसारखी चौकोनी, एक गोल टेकडी, आणि काही इतक्या वेड्यावाकड्या की डॉक्टरची सही वाटावी. कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्याकडे एकच ऑसिलोस्कोप होता. त्याच्या काचेवर आवाजाची हिरवी रेघ नाचायची. सर त्याला इतकं जपायचे, की आम्ही ती रेघ कायम लांबूनच पाहिलेली. आणि इथे त्याच रेघा पत्र्यावर छापून, खाली नंबर घालून, कुणीतरी मला म्हणत होतं, घे बाई, हवी ती निवड आणि वाजव!

"शेठजी, ह्या लाटा आहेत!"

"कशाच्या?"

"आवाजाच्या!"

शेठजींनी आदरानं मान हलवली. त्यांना कळलं काहीच नव्हतं, पण साडूंनी आपल्याला फसवलं नाही एवढं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्या दिवसापासून नात सुटली आणि मी अडकले. दुकानात गिऱ्हाईक कमी असलं की मी त्या गादीवर मांडी ठोकून बसायचे. कुठलाही सूर म्हणजे हवेत एकच वळण पुन्हा पुन्हा येत राहणं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ते खरं असेल असं मला आतून कधी वाटलंच नव्हतं. ह्या मशीनवाल्यांनी पितळी वाद्याच्या, घंटेच्या, माणसाच्या गळ्याच्या आवाजातलं एकेक वळण उचललं, त्याचे आकडे केले आणि ते आकडे चिपमध्ये कोंबले. पट्टी दाबली की आकडे गरगर फिरतात आणि सूर निघतो. आकडे उन्हानं पातळ होत नाहीत की थंडीनं आखडत नाहीत, त्यामुळे सूर कधी उतरत नाही.

पण नुसत्या आकड्यांचा सूर ऐकायला अगदी मढ्यासारखा. म्हणून त्याच्या पुढे बसवलेला फिल्टर, आणि तो मात्र आकड्यांचा नाही, खऱ्या विजेच्या सर्किटचा. ही चाळणी आपल्या घरच्या चाळणीच्या उलटी: जाड ते खाली सोडते आणि बारीक ते अडवते. बंद करत आणली की करवतीसारखा आवाज मऊ होत जातो, उघडत नेली की त्याला धार चढते. पोट आकड्यांचं आणि गळा तारांचा. पहिल्यांदा मी ती चाळणी हळूहळू उघडली तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मी मोठ्यानं हसले. दुकानातल्या बाया माझ्याकडे वळून पाहायला लागल्या.

"दोन जातींचा संकर आहे हा शेठजी," मी सांगितलं.

"म्हंजे हायब्रीड कपाशी!" शेठजी म्हणाले. बियाण्यांच्या जिल्ह्यात हे सगळ्यांना कळत होतं. त्या दिवसापासून ते येईल त्याला सांगू लागले की आमच्याकडे हायब्रीड बाजा आहे.

एका गोष्टीचा मला संताप यायचा. अशा मशीनला प्रत्येक कामाचं वेगळं बटण असावं की नाही? ह्यांनी सगळा संसार एकाच दांडीवर टांगलेला. आधी नंबर दाबायचा, मग दांडी सरकवायची. लाटेचा नंबर वेगळा, चाळणीचा वेगळा, चुकून भलताच दाबला की घंटेचं भोकाड व्हायचं. ज्यानं हे डिझाइन केलं त्याला मी मनातल्या मनात रोज शिव्या घालायचे. मग एकदा कळलं, की नंबर असल्यामुळेच आज जमलेला आवाज उद्या जसाच्या तसा परत मिळतो, मशीनच्या पोटात साठवूनही ठेवता येतो. तेव्हा मी शिव्या मागे घेतल्या, सगळ्या नाही.

हे सगळं चालू असताना घरून निरोप आला की दादाचं लग्न ठरलं. आणि त्याच निरोपात होतं, की आत्या मंगलाष्टकं म्हणणार नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, धावड्याला दिलेली. पेटीवर माझं पहिलं बोट तिनं ठेवलं. आमच्या भावकीत तिच्या मंगलाष्टकांशिवाय लग्न लागलेलं मी पाहिलं नव्हतं. मंगलाष्टकं ती स्वतःच रचायची. नवरा-नवरीचं नाव तर असायचंच, पण मामा, मावश्या, चुलते, रुसून बसलेला एखादा आतेभाऊ, सगळ्यांना ती कुठे ना कुठे बसवायची. आपलं नाव कुठल्या कडव्यात येतं हे ऐकायला माणसं पंगत सोडून मांडवात यायची. भांडण झालेल्या दोघांना ती मुद्दाम एका ओळीत घालायची, आणि दोघंही ओशाळून हसायचे.

मग तिला छातीचं दुखणं झालं. सुयांवर सुया टोचून ती वाचली, पण त्या औषधानं तिच्या कानांच्या नसा मारल्या. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग बांगड्यांचा आवाज, मग माणसांचे शब्द. डॉक्टरांनी कानाला लावायची पेटी दिली होती. आत्यानं ती दोन दिवस लावली आणि ट्रंकेत टाकली. म्हणाली, "ह्याच्यात नुस्ती भांडी आपटतेत माय."

धावड्याला चुलतबहिणीच्या लग्नात ती सवयीनं उभी राहिली. साथीला बेंजो पार्टीची पेटी होती. पेटी एका पट्टीत आणि आत्या भलत्याच. तिला कळतच नव्हतं, ती आपली डोळे मिटून गात होती. पोरं हसायला लागली, मग मोठेही. शेवटी एका चुलतभावानं तिच्यासमोरचा माइक काढून घेतला. तिनं डोळे उघडले आणि सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले. नंतर हसनाबादला आमच्या घरी आल्यावर वडिलांना म्हणाली, "आता माझ्या गाण्याचं नाव काढू नको."

वडिलांना सगळ्यात जास्त लागलं. दादाच्या लग्नाची यादी करताना ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "आक्का न्हाई गायली तर लगीन लागल्यासारखं वाटंल का?" मी मनात ठरवून टाकलं, की दादाच्या लग्नात आत्या गाणार. कसं, ते मला माहीत नव्हतं. पण माझ्याकडे हायब्रीड बाजा होता आणि वयाच्या विशीत माणसाला तेवढं पुरतं.

लग्नाचा बस्ता शेठजींच्याच दुकानात बांधायचा ठरला. बस्ता म्हणजे दोन्हीकडचं सगळं गणगोत जीपमधून उतरतं आणि दिवसभर दुकान ताब्यात घेतं. शालू, मानाच्या साड्या, टोप्या, उपरणी, आहेराचे पीस. मध्ये चहा, मध्ये रुसवे. गादीवर साड्यांचे ढीग पडतात. विक्रीवाला एकामागून एक घड्या उलगडत फेकत राहतो आणि ज्येष्ठ बायकांच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. कुणी हात वर केला, की ती साडी बाजूला पडते. ही तिथली रीत.

आत्याला मी मशीनजवळ लोडाला टेकवून बसवलं. ती मशीनकडे पाहून म्हणाली, "ही कशाची पेटी? हिला भाता कुठं हाय?"

मी कुठली थांबतेय! सगळ्यात झगमगीत पितळी लाट काढली, चाळणी सताड उघडली आणि दणदणीत सूर लावला. आत्यानं दोन्ही कानांवर हात दाबले.

"बंद कर! मधमाशा सोडल्या का काय!"

माझा चेहरा पडला. मी दुसरी लाट लावली, तिसरी लावली. प्रत्येक वेळी तिच्या कपाळावर आठी. मी रडायच्या बेतात आले आणि त्याच वेळी, कसं कोण जाणे, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऐकू येत नाही असं नाही! काही भाग ऐकू येत नाही आणि काही भाग टोचतो. मग कुठला येतो आणि कुठला टोचतो हे आधी शोधायला नको का?

त्या चाळणीला एक खोड होती. तिचा रेझोनन्स, म्हणजे एकाच सुरावर घुमण्याचा जोर, वाढवत नेला, की ती स्वतःच शीळ घालायची. लाटांचा आवाज पार शून्यावर आणला तरी एक पट्टी दाबली की चाळणीची शीळ, अगदी एकेरी, स्वच्छ. आणि दांडी सरकवली की ती शीळ खालून वर चढत जायची. मी आत्याच्या डाव्या कानाशी वाकले, तो जरा बरा होता.

"आत्या, आवाज आला की हात वर कर. गेला की खाली घे."

"असं?"

"असंच."

मी शीळ अगदी खालून सुरू केली. आत्याचा हात वर. आणखी चढवली. हात खाली घेऊन परत वर. बराबर! मी चढवत गेले, थांबत गेले, मध्येच बंद करून तिला चकवून पाहिलं. ती चकली नाही. माझं सगळं लक्ष तिच्या हाताकडे आणि दांडीकडे. मग एका ठिकाणी शीळ चढली आणि हात वर आलाच नाही. मी खाली आले, हात वर. वर गेले, नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तीच जागा. गावाची वेस असावी तशी तिच्या कानाची वेस होती. वेशीच्या आत सगळं व्यवस्थित नांदत होतं. वेशीपाशी आवाज फुटायचा, टोचायचा, आणि पलीकडे काहीच नव्हतं. पेटीचा सूर बिचारा अर्धा वेशीबाहेर राहणारा!

मी आनंदानं ओरडणार तोच मागून वडिलांचा आवाज आला. "आक्का! अगं ह्या सगळ्या कोनासाठी?"

मी वळून पाहिलं. आमच्या बाजूला साड्यांचा डोंगर. विक्रीवाल्यानं आत्याचा हात वर झाला की साडी बाजूला ठेवायची हे काम इमानदारीनं चालू ठेवलं होतं. मोरपंखी, अबोली, चट्टेरीपट्टेरी, आणि एक तर इतकी भडक पोपटी, नारिंगी काठांची, की ती दुकानात कित्येक वर्षं कुणी उलगडूनही पाहिली नसेल. नवरीकडच्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या. व्याह्यांना वाटलं, वरमाईच्या वरताण ही आत्या दिसते.

विक्रीवाला हात वर करून दाखवत म्हणाला, "आक्कानंच हात केला न, मी काय करू?"

"मी पेटीला हात करून राह्यले! तुला कामून करीन?" आत्या म्हणाली, आणि सगळं दुकान हसायला लागलं. ती स्वतःही हसली. मग त्या ढिगातून तिनं पोपटी साडी ओढून घेतली आणि मांडीवर ठेवली. "ही मात्र राहू दे. बाकीच्या घडी घाल जल्दी."

हसण्याच्या त्या गलक्यातच मी आवाज बांधला. गोल टेकडीची लाट घेतली, कारण तिच्यात बारीक कमीच असतं. जोडीला तीच लाट एक सप्तक खाली. चाळणी वेशीच्या बरीच आत आणून बंद. शीळ काढून टाकली. आवाज झाला तो इतका जाडाभरडा, इतका दबलेला, की शेठजी म्हणाले, "मास्टरीणबाई, बाजा बसला काय?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आत्या ज्या पट्टीत गायची त्या काळी चारचा सा दाबला.

आत्याचा हात साडीवर फिरत होता तो थांबला.

"हा सा हाय," ती म्हणाली.

मी पंचम दाबला. "पंचम," ती म्हणाली, मी विचारलं नसताना. मी परत सा धरला आणि तिनं ओठ न उघडता गुणगुणलं. सुरात सूर असा मिसळला की मशीनचा कुठला आणि तिचा कुठला, मला सांगता येईना. मला इतका आनंद झाला की मी तिचा हात धरून गदागदा हलवला. वडील उपरण्यांच्या ढिगाआडून पाहत होते. त्यांनी चष्मा काढला आणि उगीचच पुसत बसले.

"मग दादाच्या लग्नात गाशील?" मी तिच्या डाव्या कानाशी विचारलं.

आत्यानं नकाराची मान हलवली. "हितं गुणगुणनं येगळं. मांडवात परत हसले म्हंजे?"

"नाही हसणार."

"तू पेटी आण. मी उभी राहीन. तोंड उघडंल का न्हाई ते तवाच कळंल."

तेवढं मला बिलकुल पुरेसं होतं.

लग्न हसनाबादला, आमच्या दारात, दुपारच्या मुहूर्ताचं. ऊन असं की मांडवाचं कापड वरून तापून खाली वाफ सोडत होतं. शेठजी स्वतः टेम्पोतून मशीन आणि तो लाकडी खोका घेऊन आले. उतरताना सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "सांभाळून! हायब्रीड हाय!" मी आठवडाभर तो आवाज पुन्हा पुन्हा तपासला होता. आज सगळं गाव ऐकणार होतं. खोटं कशाला बोलू, आत्या गावी ही माझी इच्छा होतीच, पण लोकांनी माझ्याकडेही तोंडात बोट घालून पाहावं ही इच्छा काही कमी नव्हती.

लाउडस्पीकरवाल्यानं दोन मोठे भोंगे निंबाला बांधले होते. त्यानं मशीनची वायर आपल्या ॲम्प्लिफायरला जोडली आणि मी सा दाबला.

काहीच नाही.

आवाज वाढवला. भोंग्यातून जेमतेम फुरफुर आली.

"ताई, तुमची मशीन डाउन हाय," तो म्हणाला.

डाउन नव्हती! एका क्षणात माझ्या लक्षात आलं. भोंग्याच्या अरुंद गळ्याला खर्ज पचत नाही. त्याला हवा असतो नेमका तो टोचरा, बारीक भाग, जो मी आत्यासाठी वेचून वेचून काढून टाकला होता. भोंग्याला जे ऐकवता येतं ते आत्याला ऐकू येत नव्हतं आणि आत्याला जे येतं ते भोंग्याला झेपत नव्हतं. फिजिक्स शिकणाऱ्या मुलीला हे आधी सुचू नये? मी स्वतःवर अशी चिडले की काही विचारू नका.

चाळणी उघडली तर गाव ऐकेल आणि आत्याच्या कानात मधमाशा. बंद ठेवली तर गाव म्हणेल मशीन बंद. भटजी अंतरपाटाचं कापड झटकत होते. दादा पाटावर जाऊन उभा राहिला होता. पलीकडे पोपटी साडीतली आत्या, सगळ्या मांडवात एकटी उठून दिसणारी, माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या बाईचा आनंद नव्हताच. ती घाबरली होती. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

मी भोंग्याची वायर उपटली.

"अहो ताई!" लाउडस्पीकरवाला.

"तुम्ही फक्त माइक चालू ठेवा."

शेठजींचा लाकडी खोका मी ओढत आत्याच्या पायाशी नेला, मशीन त्याला जोडली आणि आवाज बेताचा ठेवला. बाजूला बँडवाल्यांचा जनरेटर घरघरत होता, बायका बोलत होत्या, पोरं रडत होती. त्या गलक्यात खोक्याचा आवाज दोन हातांपलीकडे जाणार नव्हता. आत्याचा हात धरून मी खोक्यावर ठेवला.

अंतरपाट धरला गेला. भटजींचं पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. मी सा दाबून धरला.

आत्या गप्प.

भटजींनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. तिचा माइक काढून घेणारा तो चुलतभाऊ पुढच्याच रांगेत उभा होता. मी सा सोडला, पुन्हा दाबला. तेवढ्यात तिच्या कपाळावर बारीक आठी दिसली. उन्हानं सर्किट तापलं होतं, चाळणी जागची सरकली होती! आकडे पक्के, पण तारांचा गळा उन्हाला बधला. मी दांडी थोडी खाली ओढली, आणखी थोडी. आठी गेली. तिनं तळवा खोक्यावर घट्ट दाबला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

भोंग्यातून तिचा आवाज निघाला तो सरळ, स्वच्छ, पट्टीत. माझ्या हाताखालचा सा आणि तिचा सा, मध्ये फट नाही. मांडव हळूहळू शांत होत गेला. पंगतीतली माणसं हात न धुता आत यायला लागली. दादाचं नाव आलं, वहिनीचं आलं, व्याह्यांचं आलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी सावधान आणि अक्षता. मी नुसता सा आणि पंचम धरून होते. दोन पट्ट्या! आयुष्यात मी इतकं कमी आणि इतकं जीव ओतून कधीच वाजवलं नाही. तिसऱ्या कडव्यात त्या चुलतभावाचं नाव आलं, त्याच्या बैलजोडीसकट. तो खाली पाहायला लागला.

आणि आत्या थांबेचना! इतक्या दिवसांचं साठलेलं. भटजी घड्याळावर बोट ठेवून दाखवत होते, ताशावाले टिपरू उगारून उभे होते, त्यांचे हात भरून आले. शेवटी वडिलांनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती सावध झाली, शेवटचं सावधान म्हटलं आणि अंतरपाट खाली आला. ताशा असा फुटला की विचारू नका. मी मशीनवर डोकं टेकवून हसत होते आणि रडतही होते.

मग लोकांचं सुरू झालं.

"आक्का बिनसाथीची गायली! पेटी न्हाई का काही न्हाई!"

"कान गेले म्हनत होते की! कुठं गेले?"

"शेठ, तुमची मशीन बंद पडली वाटतं?"

शेठजींचा चेहरा पाहवत नव्हता. ते माझ्याकडे आले. "मास्टरीणबाई, ऐन टायमाला धोका दिला ना बाज्यानं? साडूला फोन लावतो मी."

माझं टाळकंच सटकलं. बंद पडली? मी सगळ्यांना गोळा करून, वायरी दाखवून, भोंग्याच्या गळ्यापासून आत्याच्या कानापर्यंत सगळं समजावून सांगणार होते. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. आत्या मला ओढत मांडवामागे पाण्याच्या टिपाडांपाशी घेऊन गेली.

"काय म्हनून राह्यले लोक?"

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले. "म्हणतात आक्का बिनसाथीची गायली. मशीन बंद होती म्हणतात. थांब, मी सांगते एकेकाला!"

आत्यानं क्षणभर विचार केला. मग तिच्या तोंडावर असं हसू आलं, की मला माझ्या लहानपणची आत्या दिसली.

"सांगू नको."

"अगं पण..."

"मागच्या टायमाला हसले ना मला? मंग म्हनू दे आता बिनआधाराची गायली. तुला म्हाईत, मला म्हाईत. बास झालं की."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तरी मी हे पोटात ठेवलं. शेठजींना तेवढं सांगितलं, नाहीतर ते साडूशी भांडले असते. त्यानंतर भावकीतल्या प्रत्येक लग्नाआधी धावड्याहून निरोप यायचा, मशीन आणणार असाल तर येते. दर वेळी मी ती घेऊन जायचे, दर वेळी खोका तिच्या पायाशी, आणि दर वेळी मशीन "बंद" असायची. हसनाबाद-धावड्यात आजही समजूत आहे, की शेठजींचा तो बाजा कधी वाजलाच नाही आणि ही मुलगी एवढी शिकूनही तो उगाच वाहून न्यायची. आत्या आता नाही, म्हणून हे बोलते आहे.

माझ्या स्वतःच्या लग्नात पंचाईत झाली. मी पाटावर उभी राहणार, मग सा कोण धरणार? शेठजींच्या नातीला मी शपथ घालून सगळं सांगितलं. ती एव्हाना कॉलेजात गेली होती, पेटीचा कंटाळा तसाच होता. दोनच पट्ट्या आहेत आणि एक दांडी, मी म्हटलं, आत्याच्या कपाळाकडे बघत राहा. त्या दिवशी पोरगी इतकं नीट बघत होती की माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

खोका आत्याच्या पायाशी होता आणि आत्या माझ्या पाटाला लागूनच उभी होती. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या. मांडवाला भोंग्यातून आत्या एकटी गाताना ऐकू येत होती. पाटाच्या फळीतून मशीनचा सा माझ्या तळपायात येत होता. मला दोघी ऐकू येत होत्या.